मिस टी. गुप्ते

माझ्या सासूबाई कुणाकडे काही मागणाऱ्यातल्या नव्हेत. चहात साखर कमी पडली तर तसाच पितील, फक्त कप अशा चेहऱ्यानं खाली ठेवतील की आपणच उठून साखरेचा डबा आणावा. सासरे गेल्यावर त्या ठाण्याहून इथे अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला आमच्याकडे राहायला आल्या, त्याला एक तप होऊन गेलं. एवढ्या काळात त्यांनी तोंड उघडून एकच गोष्ट मागितली. म्हणाल्या, "मला एकदा माझ्या आईचा चेहरा बघायचाय."

आता हे काय मागणं झालं? सासूबाईंचं वय सत्त्याऐंशी. त्या पाच वर्षांच्या असताना त्यांची आई बाळंतपणात गेली. वर्षाच्या आत वडिलांनी दुसरं लग्न केलं. नवी बाई घरात येणार, तिला जड जाईल, म्हणून सासूबाईंच्या आजीनं भिंतीवरचा फोटो उतरवला, तो पुन्हा कुणाला दिसलाच नाही. आईचा तेवढा एकच फोटो होता घरात. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकं असं फिरलं की त्या आजीला मी नाही नाही ते बोलले. मी मूळची नागपूरची, माझ्या तोंडाला लगाम नाही हे सगळ्या ह्यूस्टनला माहीत आहे. माझा नवरा शंतनू म्हणाला, "अगं, ती बाई जाऊन सत्तर वर्षं झाली, तिच्याशी काय भांडतेस?" मी म्हटलं, "मग तुझ्याशी भांडू?" तो गप्प बसला. कर्णिकांच्या घरात गप्प बसायची फार जुनी परंपरा आहे.

आईबद्दल सासूबाईंना ठाऊक होतं ते एवढंसं. नाव रमा. माहेर गुप्त्यांचं, बडोद्याचं. वडील संस्थानात इंजिनियर. आणि ती टेनिस खेळायची. हे शेवटचं त्यांना घरात कधीच कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या लग्नात बडोद्याहून एक मामा आला होता, आयुष्यात तेवढाच एकदा भेटलेला. तो म्हणाला, "पोरी, ताईनं अमेरिकेच्या चॅम्पियन बाईला घाम फोडला होता. त्या बाईच्या भावानं तिची फिल्म काढलीय." पुढे काही विचारणार तोवर नवऱ्या मुलीला पानावर बसायला बोलावलं. मामा दुसऱ्या दिवशी बडोद्याला गेला आणि वर्षभरात वारला. तेवढं एक वाक्य सासूबाईंनी साठ वर्षं जपून ठेवलं, कुणाला सांगितलं नाही. अमेरिकेत आल्यावर मात्र त्यांना वाटलं असावं की ती फिल्म आता इथेच कुठेतरी शेजारच्या गल्लीत असेल.

हे काम घेतलं अनिकानं. अनिका माझी मुलगी, इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळतं पण उत्तरं इंग्लिशमध्ये. तेव्हा ती कॉलेजात होती. "आजी, रिलॅक्स. आय विल फाइंड हर," म्हणाली आणि लॅपटॉप घेऊन बसली. अमेरिकन चॅम्पियन तिला एका दुपारीच सापडली. एडिथ वेदरबी. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिनं इथल्या बायकांना हरवून हरवून कंटाळा आणला होता. चौतीस सालच्या हिवाळ्यात ती बोटीनं हिंदुस्थानात गेली, गावोगाव प्रदर्शनी सामने खेळली, आणि तिचा भाऊ कॅमेरा घेऊन बरोबर होता. त्याची रिळं ओहायोमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत पडून होती. अनिकानं त्यांना ईमेल केली. उत्तर आलं, अगदी गोड भाषेत: रमा गुप्ते नावाच्या खेळाडूचा उल्लेख आमच्या कुठल्याही डब्यावर नाही. रमा दिघे, म्हणजे लग्नानंतरचं नाव, तेही नाही. क्षमस्व.

त्या वेळी सासूबाईंचे दोन्ही डोळे ठणठणीत होते हो. माझ्या सुईत दोरा त्या ओवून द्यायच्या.

अनिकानं हार मानली नाही. जुनी वर्तमानपत्रं आता इंटरनेटवर मिळतात, त्यात ती शोधत राहिली. रमा कुठेच नाही. जिकडे तिकडे एक 'मिस टी. गुप्ते' मात्र भेटायची. मिस टी. गुप्ते सेमीफायनलला, मिस टी. गुप्ते अजिंक्य. अनिकानं विचारलं, "आजी, हू इज धिस टी?" सासूबाई म्हणाल्या, "असेल कोणी चुलत बहीण. गुप्ते काय कमी आहेत का?" आणि आम्ही सगळे हो म्हणालो. मीसुद्धा. घरात नवरा इंजिनियर आणि मी फार्मसिस्ट, पण अक्कल कोणाला म्हणून नाही.

मग डोळ्यांचं सुरू झालं. आधी डावा. मॅक्युलाचा आजार म्हणाले. त्यात मधलं दिसणं जातं आणि कडेकडेचं राहतं. दाराची चौकट दिसते, दारात उभा असलेला माणूस दिसत नाही. ह्यूस्टनला मेडिकल सेंटरमध्ये दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. मीच त्यांना ड्राइव्ह करून न्यायची. बाहेर आग ओकणारं ऊन, आत एसीची थंडी, आणि सासूबाई मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेल्या. परत येताना कधी हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की हमखास विचारायच्या, "अनिकाला काही मिळालं का गं?" मी म्हणायची, "आई, मिळालं की ती छतावर चढून ओरडेल. तुम्ही आधी तो चष्मा लावा." मला राग यायचा. त्यांचा नाही, कोणाचा ते मला सांगता यायचं नाही, म्हणून तो मग पुढच्या गाडीवाल्यावर निघायचा.

यंदाच्या मार्चमध्ये आमच्या शेजाऱ्यांच्या आन्याचं लग्न झालं. हॉटेलच्या हॉलमध्ये, साग्रसंगीत. आमचे इथले गुरुजी सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात आणि शनिवार-रविवार लग्नं लावतात, त्यामुळे सगळं अगदी पायरीपायरीनं समजावून सांगतात. सप्तपदी झाली, लक्ष्मीपूजन झालं, तांदळाचं ताट पुढे आलं. गुरुजी माइकवर म्हणाले, "आता नवरदेव सोन्याच्या अंगठीनं या तांदळात वधूचं नवीन नाव लिहितील." आन्या दचकली. "सॉरी, व्हॉट? आय ऑलरेडी हॅव अ नेम!" सगळा हॉल हसला. वीर, म्हणजे नवरा मुलगा, शहाणा निघाला. त्यानं ताटात मोठ्ठं 'आन्या' लिहिलं आणि टाळ्या पडल्या.

मीही हसत होते. हसत हसत सासूबाईंकडे वळले तर त्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

"शैलजा," त्या म्हणाल्या, "माझं नाव सुनंदा कधीपासून?"

"म्हणजे काय आई?"

"लग्नापासून. त्याआधी मी कृष्णा. कृष्णा दिघे. ह्यांनी ताटात सुनंदा लिहिलं आणि मी पाटावरून उठले ती सुनंदा होऊनच. चार दिवस कोणी हाक मारली की मागे वळून बघायची, ही सुनंदा कोण म्हणून." त्या आणखी जवळ सरकल्या. "अगं, मग माझ्या आईचंही कोणीतरी लिहिलंच असेल ना?"

मामा जन्मभर ताई म्हणत आला, घरचे रमा म्हणत आले. आणि जिचं स्वतःचं नाव असं एका अंगठीनं बदललं, तिच्या डोक्यात हे कधी आलं नाही. आमच्याही कुणाच्या नाही. आमच्यात ते इतकं नेहमीचं की त्यात काही बदललंय असं आम्हाला वाटतच नाही.

अनिका समोरच गुलाबजाम खात उभी होती. तिला सांगितलं. तिनं वाटी खाली ठेवली, दोन्ही हात डोक्याला लावले आणि म्हणाली, "ओ माय गॉड. टी. गुप्ते." मग रडायलाच लागली. "आजी, आय सॉ हर. आय सॉ हर लाइक अ हंड्रेड टाइम्स."

ते पूर्ण नाव तिला दोन दिवसांत सापडलं. तारा. मिस तारा गुप्ते, बडोदा.

मग रोज सकाळी अनिका, आता ती राहते त्या ऑस्टिनहून, फोन करायची आणि नवीन काही मिळालं असेल ते वाचून दाखवायची. मी ते मराठीत सांगायची. सासूबाई पोहे खायच्या थांबायच्या. तारा गुप्ते शाळेत असतानाच बडोद्याच्या क्लबात कुठल्याशा मोठ्या साहेबाच्या मडमेला हरवती झाली. पुण्याच्या स्पर्धेत पंचानं सांगितलं, स्कर्ट घालून या. ही नऊवारीचा कासोटा घालूनच कोर्टवर उतरली, म्हणाली खेळू द्यायचं नसेल तर तसं सांगा. खेळू दिलं आणि ती जिंकली. पश्चिम हिंदुस्थानची अजिंक्यपदं तिनं लागोपाठ घेतली. वडिलांबरोबर रेल्वेनं लाहोर, अलाहाबाद, कलकत्ता. एका वार्ताहरानं लिहिलं होतं की मिस गुप्ते हरत असल्या की बघाव्यात, कारण तेव्हा त्या जास्त जोरात मारतात. हे ऐकून सासूबाई खुदकन हसल्या. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"मला शाळेत रिंग टेनिसच्या टीममध्ये घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "बाबांनी नाव काढायला लावलं. म्हणाले, घरात एक झाली तेवढी पुरे. मला वाटलं, एक म्हणजे कोण? विचारायची छाती नव्हती."

छत्तीस साली तिला विलायतेला पाठवायचं घाटत होतं. तसं छापून आलंय. आणि त्याच्या पुढच्या वर्षी, त्याच स्पर्धेच्या बातमीत, अगदी खाली एक ओळ: गतवर्षीच्या विजेत्या मिस गुप्ते यंदा उतरल्या नाहीत. बस. का उतरल्या नाहीत, कुठे गेल्या, आजारी होत्या का मेल्या, विचारायला कुणाला फुरसत नव्हती. ती तेव्हा ठाण्याला दिघ्यांच्या स्वयंपाकघरात बिरड्यासाठी वाल सोलत असणार, रमा होऊन. मला ते वाचून एवढा संताप आला की मी पोह्यांची कढई सिंकमध्ये आपटली. शंतनू म्हणाला, "हळू." मी म्हटलं, "हळूच तर चाललंय सगळं, अजून किती हळू?"

ओहायोच्या लायब्ररीनं आता लगेच उत्तर दिलं. हो, मिस टी. गुप्ते लिहिलेला एक डबा आहे. पहिल्यापासून होता. पण फिल्म आक्रसलीय, ठिसूळ झालीय, ती लॅबमध्ये पाठवावी लागेल आणि लॅबमध्ये रांग आहे. किती? काही महिने. अनिकानं त्यांच्या मागे लागून लागून जीव खाल्ला. फोनवर रडली, आजीच्या डोळ्यांचे रिपोर्ट पाठवले. तिथली बाई भली होती, तिनं रांगेत थोडं पुढे ढकललं. सासूबाई देवघरात बसून उजव्या डोळ्याशी बोलायच्या. मी स्वतः ऐकलंय. "थोडं थांब," म्हणायच्या, "एवढं झालं की मग जा."

जूनमध्ये एका सकाळी त्यांनी हॉलमधून हाक मारली. "शैलजा, ही बातम्या सांगणारी बिनडोक्याची का दिसतेय?"

मी गाडी कशी काढली मला आठवत नाही. उजव्या डोळ्यात आत रक्तस्राव झाला होता. डॉक्टर तरुण होता, त्यानं स्टूल पुढे ओढलं, त्यांचा हात हातात घेतला आणि सगळं नीट सांगितलं. मी ते मराठीत सांगायला लागले तर त्या म्हणाल्या, "राहू दे. हात धरला तेव्हाच कळलं." घरी गाडीतून उतरताना म्हणाल्या, "अनिकाला सांगू नकोस, तिला वाटेल तिला उशीर झाला." मी गॅरेजमध्येच उभी राहून रडले.

फिल्म आली ऑगस्टमध्ये. अनिका ती घेऊन स्वतः ऑस्टिनहून आली. डोळ्याचं तिला तोवर कळलंच होतं. रविवार दुपार होती. शंतनूनं पडदे ओढले, टीव्हीच्या अगदी पुढ्यात आरामखुर्ची लावली. भिंतभर टीव्ही आहे आमचा, त्यानं हौसेनं घेतलेला, मी त्यावरून त्याला भरपूर बोलले होते. त्या दिवशी मी मनात म्हटलं, देवा, अजून मोठा घेतला असता तरी चाललं असतं. सासूबाईंनी सकाळीच न्हाऊन ठेवणीतली नारायणपेठ नेसली होती. केसात मोगऱ्याचं फूल. आईला भेटायला निघाल्यासारख्या.

फिल्म मुकी, काळीपांढरी, चार-पाच मिनिटांची. आधी सगळी एडिथ वेदरबीच. एडिथ बोटीवर, एडिथ हत्तीवर, एडिथ कुठल्यातरी राजाबरोबर. मी म्हटलं, "पुरे की बाई." मग कोर्ट आलं, आणि पलीकडच्या बाजूला ती.

"आई, आल्या," मी म्हटलं. "तुमची आई आली."

"काय करतेय?"

"धावतायत."

पांढरी नऊवारी, कॅनव्हासचे बूट, वेणी घट्ट वर बांधलेली. ती काही नाजूक वगैरे धावत नव्हती. चोर पकडायला धावावं तशी धावत होती. बॉल कोपऱ्यात पडायचा आणि ही तिथे पोचलेली. दोन्ही पाय रोवून असा काही फटका मारायची की अमेरिकेची चॅम्पियन नुसती मान वळवून बघत राहायची. मी सांगत होते, अनिका सांगत होती, शंतनूही मध्येच "वा!" म्हणत होता. सासूबाई मान तिरकी करून, कडेनं कडेनं पडदा पकडायचा प्रयत्न करत होत्या. "काहीतरी हलतंय," म्हणाल्या. "पांढरं पांढरं. ते का?" मी म्हटलं, "तेच."

ती हरली. एक सेट घेतला, पण शेवटी हरली. दोघी नेटपाशी आल्या, हात मिळवले. तेव्हा तो भाऊ कॅमेरा घेऊन पुढे आला असावा, कारण एकाएकी तिचा चेहरा सगळा पडदाभर झाला. तिनं सरळ आमच्याकडे बघितलं. शंतनूनं पॉज केलं.

काय सांगू तुम्हाला. रुंद जबडा. दोन्ही गालांवर देवीचे व्रण, खोल खोल. भुवया मध्ये जुळलेल्या. घामानं कुंकू नाकावर ओघळलेलं. एक दात दुसऱ्यावर चढलेला, कारण ओठ रागानं जरासे उघडे होते. हरल्याचा राग होता तो, हसून हात मिळवावा लागला त्याचा राग. सुंदर म्हणायला गेलात तर काही नाही, आणि नजर काढवेना. मला ती बाई एकदम आवडली. वाटलं, हिच्याशी माझं कडाक्याचं भांडण झालं असतं आणि आमचं फार जमलं असतं.

"थांबवलंत का?" सासूबाईंनी विचारलं. "समोर आहे?"

"हो आई. अगदी समोर."

त्या उठल्या. टीव्हीला नाक लागेपर्यंत पुढे गेल्या. मान इकडे केली, तिकडे केली, डोळा चोळला. अनिकानं चित्र लहान करून बघितलं, मोठं करून बघितलं, उजेड कमी केला, वाढवला. "आजी, नाऊ? आता?" सासूबाईंचा हात काचेवरून फिरत होता. "पदर दिसतोय," त्या म्हणाल्या. "खांदा असेल हा. मध्ये नुसता धूर आहे गं. तोंडावरच धूर आहे."

त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "सांगा मला."

शंतनू म्हणाला, "आई, फार सुंदर आहे."

"तू लहानपणापासून माझं मन राखत आलायस. शैलजाला सांगू दे. ती माझ्या आमटीला तोंडावर नावं ठेवते. ती खोटं बोलायची नाही."

मी त्यांच्या पायाशी बसले. "कपाळ मोठं आहे," मी म्हटलं. "नाक सरळ. डोळे काळेभोर. केस दाट."

"असं तर कुणाचंही असतं गं," त्या म्हणाल्या.

खरंच होतं. करून बघा तुम्ही. ज्यानं पाहिला नाही त्याला एक चेहरा सांगून बघा. मी दिवसभर बडबडणारी बाई, मला शब्द फुटेनात. मग ठरवलं, देवीचे व्रण सांगायचे. जबडा सांगायचा, राग सांगायचा. जे फक्त तिचंच आहे ते सांगायचं. मी तोंड उघडलं. "आई, त्यांच्या गालांवर..."

"अनिकासारखी आहे का?"

मी थांबले.

"अनिका आपल्यात कोणावरच गेली नाही," त्या घाईघाईनं म्हणाल्या, कोणी अडवेल अशा भीतीनं. "कर्णिकांवर नाही, दिघ्यांवर नाही. मी केव्हाची मनात म्हणते, ही पोर कोणावर गेली? आणि अनिकाचा चेहरा मला अजून येतो गं. बाकीचे पुसट झाले, तुझासुद्धा झाला, पण डोळे मिटले की तिचा येतो. ती आईवर गेली असेल तर... म्हणजे मला दिसेल ना. सांग ना. तिच्यासारखी आहे?"

अनिका हुबेहूब माझ्या वडिलांवर गेलीय. नागपूरला कोणीही सांगेल. तीच निमुळती हनुवटी, तेच पातळ ओठ, गालाला तीच खळी. तिचा आणि या पडद्यावरच्या बाईचा काडीचा संबंध नाही.

मी वर बघितलं. तारा गुप्ते माझ्याकडे बघत होती. नव्वद वर्षं एका डब्यात अंधारात पडून राहिली आणि आत्ता कुठे कुणाला तरी दिसली. जिला ती दिसायला हवी होती तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती.

"हो," मी म्हटलं.

"खरंच?"

"अगदी तशीच. गालाला खळीसुद्धा आहे."

अनिकानं माझ्याकडे असं बघितलं की जणू तिला मी ओळखू येत नव्हते. "आई," ती हळूच म्हणाली. मी मान हलवली, गप्प राहा म्हणून. शंतनू खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मला माझी शिसारी आली, आणि पुन्हा विचारलं असतं तर मी पुन्हा तेच सांगितलं असतं.

सासूबाईंनी डोळे मिटले. चेहरा असा उजळला की बघवेना. "मला वाटलंच होतं," म्हणाल्या. "अनिका, ये गं. इकडे ये, खाली बस." अनिका जाऊन गुडघ्यांवर बसली. त्यांनी दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं आणि चाचपायला लागल्या, कपाळ, भुवया, नाक, ओठ, खळीत बोट घालून पुन्हा पुन्हा. "आई," त्या म्हणाल्या. "आई गं. अशी होतीस होय तू? किती गोड होतीस. माझ्याच नशिबी नव्हतीस." अनिकाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हलत नव्हती. कोणी हलवूही नये तिला, एवढंच मला वाटत होतं.

टीव्हीवर तारा गुप्ते नेटपाशी तशीच उभी होती. तिच्याकडे कोणीच बघत नव्हतं. मी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.